हिरव्यांच्या मधले निळे

आमच्या घरात ‘स्विच’ हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा बाबांनी भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे बघितलं.

"जळलं की काय?"

"हा तो नव्हे बाबा. हा कॉम्प्युटरचा."

"मग त्याने काय चालू-बंद होतं?"

"काहीच नाही."

"मग त्याला स्विच कशाला म्हणायचं?"

याचं धड उत्तर मला तेव्हा देता आलं नाही आणि इतकी वर्षं याच धंद्यात काढूनही आज देता येत नाही. बाबांचे प्रश्न असेच असायचे. मी चिडायचे, आणि चिडले की ते मला "शास्त्रीणबाई" म्हणायचे, त्यामुळे आणखी चिडायचे.

बाबा शिंपी होते. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं दुकान. खिडकीपाशी शिलाई मशीन, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्री. आई मागच्या खुर्चीत बसून काजं, बटणं आणि तुरपाई करायची आणि गिऱ्हाईक बाहेर पडलं की त्याच्या पोटाच्या घेरावर शेरा मारायची. त्या खोलीला कायम खडूचा आणि इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास असायचा. आजही कुठे तो वास आला की मी दोन मिनिटं तिथेच उभी राहते, लोकांना वाटतं काही विसरले असेन.

आई गेली आणि दीड वर्षात तो वासही गेला. दुकान बंद केलं असं बाबा कधी म्हणाले नाहीत. आलेल्या माणसाला "सध्या नाही घेत काम" एवढंच सांगायचे. कात्री खिळ्याला टांगलेली होती ती तशीच राहिली. दाढी चार-चार दिवस वाढायची. पेपरचं एकच पान दुपारभर हातात असायचं. मी त्यांच्यावर ओरडायचे, मग मला वाईट वाटायचं, आणि मग मी पुन्हा ओरडायचे. दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.

त्याच वेळी माझंही गाडं अडलं होतं. नदी समुद्राला मिळते तिथे गाळ कसा आणि कुठे साचतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. शेवटची मोठी आकडेमोड तेवढी बाकी होती. विद्यापीठाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर माझा नंबर लागायला चार महिने होते आणि प्रबंध द्यायला सात आठवडे. माझ्या मार्गदर्शक सरांनी हात वर केले. तेवढ्यात एका ऑफिसातले जुने कॉम्प्युटर भंगारात निघाल्याचं कळलं. मी तिथल्या साहेबांपुढे इतकं रडगाणं गायले की त्यांनी आठ यंत्रं मला उचलून न्यायला सांगितली. आठही एकमेकांना जोडायची आणि एकाच कामाला जुंपायची, असा माझा बेत होता. घरचा क्लस्टर. तेव्हा हा शब्दही मी जरा ऐटीतच उच्चारायचे.

"बाबा, बेतायच्या टेबलावर ठेवू?"

त्यांनी टेबलावरची धूळ हाताने पुसली. "ठेव. नाहीतरी रिकामंच आहे," म्हणाले.

आठही यंत्रं एकदम सुरू केली तेव्हा घराचा फ्यूज उडाला. मग चार खाली दुकानात आणि चार वरच्या खोलीत, वेगळ्या लाइनीवर, अशी वाटणी केली. वायर जिन्यावरून जायची होती, म्हणजे चांगली वीस-वीस मीटर लांब. आणि जिन्यात सगळ्या वायर जिथे एकत्र येणार ती पेटी निवडायची होती. हब घ्यायचा की स्विच, यावर मी आठवडाभर डोकं खाजवत होते. हब स्वस्त, ऑफिसवाल्यांनी भंगाराबरोबर एक फुकटच दिला होता. स्विच तेव्हा चांगलाच महाग होता.

सुट्या भागांच्या दुकानात गेले तेव्हा बाबा बरोबर आले. पिशवी धरायला, असं कारण सांगून. तिथल्या दुकानदाराला आम्ही सगळे विद्यार्थी पुटपुटे म्हणायचो, कारण माणूस अखंड स्वतःशी बोलत असायचा. खरं आडनाव मला आजही माहीत नाही. बाबांनी सरळ त्यांनाच विचारलं, की या दोन पेट्यांत फरक काय.

"हब म्हणजे काय," पुटपुटे म्हणाले, "एकाने तोंड उघडलं की सगळ्या घराला ऐकू जातं. ज्याचं काम आहे त्यालाही आणि नाही त्यालाही. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया, पुन्हा पहिल्यापासून. स्विच ज्याचं बोलणं त्याच्याच कानात घालतो."

बाबा माझ्याकडे वळले. "आणि तुझी यंत्रं एकमेकांशी बोलणार काय?"

मी सांगितलं. नदीचे आठ पट्टे पाडायचे, एकेक पट्टा एकेका यंत्राला द्यायचा. प्रत्येकाने आपल्या पट्ट्यातलं पाणी आणि गाळ मोजायचा आणि कडेला काय चाललंय ते शेजारच्याला कळवायचं. आकडेमोडीच्या दर पावलाला, लाखो वेळा.

"म्हणजे तुकडे बेतायचे आणि शिवणीपाशी जुळवायचे," बाबा म्हणाले. "मग शिवणीचं बोलणं दोन तुकड्यांतच झालं पाहिजे. बाहीला कॉलरचं ऐकून काय करायचंय? स्विच घे."

तीन वर्षं मी सरांच्या तोंडून हेच ऐकत होते, पण इतकं स्वच्छ कधी ऐकलं नव्हतं. स्विच घेतला. वायरचं एक मोठं भेंडोळं घेतलं, टोकांना लावायच्या प्लास्टिकच्या क्लिपा घेतल्या आणि त्या दाबून बसवायची पक्कड पुटपुट्यांनी उसनी दिली. एका कागदावर त्यांनी आठ तारांचा क्रम लिहून दिला. वायरच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घातलेली. एक अख्ख्या रंगाची, दुसरी त्याच रंगाच्या पट्ट्यांची. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी.

"हे मी करतो," बाबा म्हणाले. "तुझ्या हाताला सुई ओवता येत नाही, तू काय तारा लावणार!"

मी मुद्दामच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर बाबा दाढी करून, चष्मा पुसून टेबलापाशी बसले होते. खिळ्यावरची कात्री खाली उतरली होती. मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हा प्रबंध गेला उडत, हे एवढं टिकू दे.

तीन दिवस त्यांनी डोळ्यांत तेल घालून काम केलं. आठ वायर, सोळा टोकं. तारा सरळ करायच्या, कात्रीने एका रेषेत कापायच्या, क्लिपमध्ये सरकवायच्या, पक्कड दाबायची. कुठली वायर कुठल्या यंत्राची हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. काम करताना गुणगुणायचे आणि मी दारात दिसले की थांबायचे. पुटपुट्यांच्या चाचणीच्या डबीवर प्रत्येक वायर लावून बघितली. एक ते आठ, सगळे दिवे ओळीने लागले. सोळापैकी एकही टोक वाया गेलं नाही. बाबांनी हात झटकले आणि "झालं" म्हणाले, गिऱ्हाइकाला कोट घालून दाखवल्यासारखं.

आणि क्लस्टर काही केल्या चालेना.

म्हणजे चालायचा, पण रखडत. एका यंत्राला जे काम चार तासांत जमायचं त्याला आठ यंत्रं मिळून सहा तास घ्यायला लागली. मी प्रोग्राम तपासला, पुन्हा लिहिला. यंत्रांमधली कार्डं बदलली. स्विच बदलून आणला, पुटपुट्यांनी एका शब्दाने काही न विचारता नवा दिला. फरक शून्य. अकरा दिवस गेले. माझ्या नाकी नऊ आले, तोंडाची चव गेली, आणि बाबा दर तासाला जिन्यावर डोकावून विचारायचे, "काय म्हणतायत तुझी मंडळी? बोलायला लागली का?"

बाराव्या दिवशी दुपारी जिन्यात बसले असताना उन्हाची तिरीप एका क्लिपवर पडली. प्लास्टिक पारदर्शक असतं, आतल्या तारा दिसतात. मी सहज रंग वाचले. नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. शेजारी शेजारी, कशी छान बसलेली. मी पुटपुट्यांचा कागद काढला. त्यात तसं नव्हतं. कागदावर हिरव्या पट्ट्यांची तार तिसरी, अख्खी हिरवी सहावी, आणि निळ्या दोघी त्यांच्या मधे.

मी खाली गेले. शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "बाबा, तारा कागदावरच्याच क्रमाने लावल्यात ना?"

"कागद घाईत लिहिलाय त्याने," बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले. "स्वतःशी बडबडत लिहिलं की असंच होणार. हिरव्यांच्या मधे निळे घुसडलेत. मी सरळ करून घेतलं. अख्ख्या रंगाचा तो नवरा, पट्ट्यापट्ट्यांची ती बायको. एवढा पीळ घातलेला संसार, तो काय मधे परकं माणूस बसवायला?"

आता यात गंमत अशी की बाबांनी जोड्या राखायला जे केलं त्यानेच त्या फुटल्या. तिसरी आणि सहावी जागा मिळून एकच निरोप नेतात. त्या दोन जागी एकमेकींना पीळ घातलेली जोडी असावी लागते, तरच बाहेरचा कलकलाट त्यात शिरत नाही. बाबांच्या मांडणीत तिसऱ्या जागी हिरवी बायको होती आणि सहाव्या जागी निळा नवरा. दिवे लागत होते, कारण प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पोचत होती. पण वेग वाढला की निरोप फाटत होते आणि यंत्रं तेच तेच पुन्हा पाठवत बसत होती.

हे सगळं मला जिन्यात समजलं होतं आणि सांगायला मी खाली आले होते. पण बाबांनी त्या दिवशीही दाढी केलेली होती. मी म्हटलं, "काही नाही, उगीच विचारलं."

त्यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. शहराच्या दुसऱ्या टोकाला ऑफिसांना माल पुरवणारं एक मोठं दुकान होतं. तिथून तयार वायर आणल्या, त्याच निळ्या रंगाच्या. बाबा दुपारचे झोपले असताना सगळ्या बदलल्या. त्यांचे दोरे सोडून नव्या वायरींना बांधले, रंगाला रंग जुळवून. त्यांच्या वायर गुंडाळून माझ्या कपाटात कपड्यांमागे कोंबल्या. संध्याकाळपर्यंत आठही यंत्रं घडाघडा बोलायला लागली.

"काय होतं गं?" बाबांनी विचारलं.

"स्विचच खराब होता. दुसराही खराब निघाला. आता तिसरा लावलाय."

खोटं बोलताना माणूस उगीच जास्तीचा एक स्विच घालतो. मी मुख्य आकडेमोड सुरू केली. बारा दिवस चालायची होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा घरात नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून ते पुटपुट्यांच्या दुकानात जाऊन पोचले होते, भांडायला. पुढे काय झालं ते मला नंतर पुटपुट्यांनीच सांगितलं. बाबा दुकानात शिरले ते आवाज चढवूनच. माझ्या पोरीला एकामागून एक खराब माल देता, तिचे बारा दिवस खाल्लेत, चाळीस वर्षं धंदा केला पण गिऱ्हाइकाला असं कधी फसवलं नाही. पुटपुट्यांनी ऐकून घेतलं. मी परत केलेला स्विच फळीवरच होता. तो त्यांनी बाबांच्या समोर लावून दाखवला, उत्तम चालत होता. तिसरा स्विच तर त्यांनी मला दिलाच नव्हता. मग विचारलं, "काका, तारा कुठल्या क्रमाने लावल्यात?" बाबांनी सांगितलं. पुटपुट्यांनी वायरचा तुकडा सोलून, जोड्या हातात धरून सगळं समजावलं. "तारा स्वतः हातात घेऊन बघितल्या त्यांनी," ते मला म्हणाले. "जाताना माझी माफी मागून गेले. मलाच कसंतरी झालं."

बाबा घरी आले ते थेट जिन्यात. मी वरून बघत होते. त्यांनी वाकून एक वायर हातात घेतली, दोऱ्यावरून बोट फिरवलं, मग दुसरी, मग तिसरी.

"ही गाठ माझी नाही," ते म्हणाले.

मी दोन पायऱ्या खाली उतरले. "बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"चाळीस वर्षं लोक माझ्या तोंडावर सांगत आलेत. बाही आखूड झाली, खांदा चढला, पाठीत ओढतंय. कुणी सौम्यपणे सांगितलं, कुणी अंगावर फेकून गेलं. मी उसवलं, परत शिवलं. त्यात कसलं वाईट वाटून घ्यायचं? तेच तर काम." ते पायरीवर बसले. "तुझी आई तर गिऱ्हाईक यायच्या आधीच सांगायची, ‘हे काही खरं नाही, उसवा.’ तू मला उसवू दिलं नाहीस. म्हातारा झाला, राहू दे, असं ठरवून मोकळी झालीस."

मी रडले. तेही डोळे पुसत होते, पण माझ्याकडे बघून नाही.

"चालू काम थांबवते," मी म्हटलं. "तुमच्या वायर लावते."

"खबरदार चालू मशीनला हात लावलास तर!" ते एकदम पूर्वीच्या दुकानदारी आवाजात ओरडले. "अर्धी शिवण सोडून कुणी उठतं का? माझ्या वायर कुठे कोंबल्यात तेवढं सांग."

त्या आठवड्यात बाबांनी सोळाच्या सोळा टोकं कापून पुन्हा लावली. या वेळी कागद समोर ठेवून. हिरव्यांच्या मधे निळे बसवताना दर वेळी स्वतःशी काहीतरी म्हणायचे. काय ते मी विचारलं नाही. मध्येच एक गिऱ्हाईक कोट घेऊन आलं आणि "सध्या नाही घेत" म्हणायच्या ऐवजी बाबांनी त्याला विचारलं, "कधी हवाय?"

बारा दिवसांनी माझे आकडे आले आणि चांगले आले. प्रबंध वेळेत जाणार हे नक्की झालं. खरं तर आता वायर बदलायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून विकतच्या वायर काढल्या, बाबांच्या लावल्या, आणि मी एक छोटं काम आठही यंत्रांवर टाकलं. तेच काम आदल्या दिवशी विकतच्या वायरींवर करून वेळ लिहून ठेवली होती. बाबा माझ्यामागे उभे होते, हात पाठीशी बांधून, गिऱ्हाईक आरशासमोर उभं असताना उभे राहायचे तसे.

काम संपलं. आकडा पडद्यावर आला.

"किती?" बाबांनी विचारलं.

त्यांना पडद्यावरचं काही कळत नव्हतं. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. ‘सारखेच’ हा शब्द माझ्या जिभेवर आलाही होता.

"विकतच्या वायरींपेक्षा अकरा सेकंद जास्त," मी म्हटलं. "सहा नंबरच्या यंत्राकडे निरोप अजून थोडे फाटतायत. एखादं टोक नीट बसलं नसावं."

मी मागे वळून बघायला घाबरत होते. टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला, मग पक्कड शोधताना होणारी खडखड.

"सहा म्हणजे पिवळा दोरा," बाबा म्हणाले. "सरक तिकडे. खालचं टोक की वरचं, ते बघ आधी."